छापून आलेलं नाव

जानेफळात पुंजाजीला सगळे 'बायबलवाला' म्हणत. त्याचं त्याला काही वाटत नसे. काहीजण 'जगाचा पाटील' म्हणत. त्याचं मात्र त्याला मनातून बरं वाटे.

हे दुसरं नाव पडलं ते मिशनच्या पत्रकामुळे. मेहकरच्या मिशन बंगल्यात एक मड्डमसाहेब राहत. त्यांच्याकडे ते पत्रक विलायतेहून बोटीने येई. बंगल्यावरच्या शाळेचे मास्तर त्याचं मराठी करत, आणि छापलेला कागद महिन्याला एकदा पुंजाजीच्या हातात पडे. त्यात प्रत्येक वाराला प्रार्थनेचा एक विषय. सोमवारी चीनमधला पूर. मंगळवारी आफ्रिकेतली गावं, जिथे झोपेच्या रोगाने माणसं मरत होती. बुधवारी बर्फातल्या कुठल्याशा बेटावरची शाळा, जिची मास्तरीण आजारी आहे. जानेफळात ख्रिस्ती घरं होती सहा. त्या सहा घरांची माणसं दिवेलागणीला पुंजाजीच्या ओसरीवर जमत. तो त्या दिवसाचा विषय वाची आणि हात जोडून, डोळे मिटून बोलू लागे.

पुंजाजीची प्रार्थना मोघम नसे. पत्रकात माणसाचं नाव असेल, तर तो ते नाव घेई. तोंडात न बसणारी परकी नावं मास्तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून देत, ती तो दुपारी बैलाला पाणी पाजताना घोकून ठेवी. पण बाकीचा मजकूर तो आधी कधीच वाचत नसे. देवाच्या कामात आधी डोकावू नये, असं त्याचं म्हणणं. दु:ख सगळ्यांनी एकदमच ऐकावं.

शेषराव हा त्याचा शेजारी. हिंदू, कुणबी, पन्नास एकरांचा धनी. बोलायला फटकळ. तो ओसरीवरून जाताना हटकून थांबे.

"काय बायबलवाले, चीनचा पूर वसरला का?"

"पत्रक चार महिन्यांमागचं हाय, शेषराव. वसरला असंन."

"मंग आता काऊन मागून राह्यला बे? पानी गेल्यावर पाळ बांधतं का?"

"देवाले मागचं काय अन् पुढचं काय."

"हाव, तेही खरं. माह्या तुरीसाठी बी सांगून ठेव मंग. मागच्या सालच्या."

ओसरीवरची माणसंही हसत. पुंजाजीही हसे. पण त्याच्या पोटात एक गोष्ट होती, ती तो कोणाला सांगत नसे. संवत छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १९०० साली, त्याचे आईबाप गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. मिशनच्या अनाथाश्रमात त्याने ज्वारीची कण्हेरी प्याली आणि तो जगला. मोठा झाल्यावर त्याला कळलं, की ती ज्वारी ज्यांनी पाठवली त्यांनी वऱ्हाड कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी फक्त एका कागदावर वाचलं होतं. तेव्हापासून छापलेल्या कागदातलं प्रत्येक नाव म्हणजे त्याला ताटलीपुढे बसलेलं पोर वाटे.

त्याची बायको गीताबाई म्हणे, "साऱ्या दुनियेचं मागता. घरच्या विहिरीचं मागत जा कधी."

"घरचं देव आपसूक पाहतो."

"हाव. म्हनून तं आटली."

*

अमीरबी ही बांगड्या विकणारी. नवरा शकूर जाऊन सहा वर्षं झाली होती. तिचं घर पुंजाजीच्या घरामागे, मधे एक कुडाची भिंत. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन ती आसपासच्या खेड्यांतून फिरे आणि शनिवारी जानेफळच्या बाजारात कडुनिंबाजवळ बसे. फिरून आली की पुंजाजीच्या ओसरीवर पेटी टेकवी, गीताबाईकडून पाणी घेई, आणि मगच घरी जाई.

तिला एकच लेक. सलीमा. सलीमाचं एकदा जमलं होतं आणि मोडलं होतं. बाप नाही, भाऊ नाही, पुढे उभं राहणारं कोणी नाही, एवढंच कारण. आता मेहकरच्या फकीर मोहम्मदच्या घरून विचारणं आलं होतं. त्याचा मुलगा अन्वर शिवणकाम करी. घर चांगलं होतं. बोलणं चालू होतं, ठरत नव्हतं.

एका दुपारी अमीरबी पाणी पिऊन उठली नाही. पेटीवर हात ठेवून बसून राहिली.

"पुंजाभाऊ, तू साऱ्या दुनियेसाठी मागतं म्हन्ते लोक."

"मागतो."

"मंग माह्या सलीमासाठी बी माग ना. दुवा तं दुवा असते. कोनाच्या बी तोंडानं जावो." मग तिने आवाज उतरवला. "पन कोनाले सांगजो नोको. आमच्यात लोक वाकडं घेतीन."

"कोनाले सांगतो मी?" पुंजाजी म्हणाला.

त्याने त्या दिवसापासून रोज मागितलं. ओसरीवर नाही, एकट्याने. हे खरं आहे, आणि हे सांगायलाच हवं. तो सलीमाचं नाव चीनच्या आधी घेई.

*

महिन्याच्या पहिल्या सोमवारी मिशनचे सगळे पगारी उपदेशक मेहकरला जमत; पुंजाजी त्यांतलाच एक. बंगल्याच्या पडवीत सतरंजी अंथरलेली असे. मड्डमसाहेब खुर्चीवर, मांडीवर वही. प्रत्येकाने उठून सांगायचं: किती गावं फिरलो, कोण ऐकायला येतं, कोणाचं मन वळतंय. ज्यांचं मन वळतंय त्यांची नावं मड्डमसाहेब लिहून घेत. कोणी म्हणे दोन घरं, कोणी म्हणे एक म्हातारा.

पुंजाजीकडे सहा महिने काहीच नव्हतं. तो उठे, गावांची नावं सांगे आणि बसे. मड्डमसाहेब रागवत नसत. "ठीक आहे, पुंजाजी," एवढंच म्हणत आणि वहीचं पान उलटत. ते पान उलटणं त्याला परतीच्या वाटेवर ऐकू येत राही.

सातव्या महिन्यात तो उठला आणि गावांची नावं सांगून झाल्यावर बसला नाही.

"एक बाई आहे," तो म्हणाला. "अमीरबी. मुसलमान. विधवा. माझ्याकडून प्रार्थना करवून घेते."

मड्डमसाहेबांनी मान वर केली. "ती प्रभूबद्दल विचारते?"

तिने कधीच विचारलं नव्हतं. तिने पाणी मागितलं होतं आणि दुवा मागितली होती.

"हो," पुंजाजी म्हणाला.

"घरचे?"

"एक मुलगी आहे. सलीमा."

"तीसुद्धा?"

"हो."

पहिला 'हो' जड गेला. दुसरा गेला नाही. मड्डमसाहेब लिहू लागल्या. त्यांची लेखणी बराच वेळ चालली. सतरंजीवरची माणसं त्याच्याकडे पाहत होती. घरी येताना त्याने स्वत:ला समजावलं: आज नाही तर उद्या विचारीलही. खोटं कुठे आहे? थोडं आधी सांगितलं, इतकंच.

मग तो ते विसरला. विसरता येतं.

पुढे अन्वरचं आणि सलीमाचं ठरलं. ईदनंतर निकाह. अमीरबीने साखर वाटली. गीताबाईच्या हातावर जास्तीची चिमूट ठेवून ती म्हणाली, "भाऊच्या तोंडाले यश आलं बापा." पुंजाजीने ती साखर खाल्ली. त्याला वाटलं, देवाने ऐकलं.

*

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्या सात दिवस एकाच पत्रकावर प्रार्थना करत. त्या आठवड्याचा शनिवार जानेफळच्या बाजाराचा. पुंजाजीच्या मंडळीची रीत अशी, की त्या दिवशी प्रार्थना ओसरीवर न करता बाजारात, कडुनिंबाखाली करायची. आधी टाळ घेऊन दोन भजनं. लोक जमले की विषयाचं वाचन.

त्या शनिवारी बाजार भरलेला होता. तूर आली होती. मेहकरचे व्यापारी आले होते. भजनं झाली. पुंजाजीने पत्रक उलगडलं आणि मोठ्याने वाचलं:

"शनिवार. वऱ्हाड, मध्यप्रांत. जानेफळ हे गाव."

लोकांत एकदम हालचाल झाली. तुरीची पोती सोडून माणसं जवळ आली.

"आपलं जानेफळ?" शेषराव ओरडला. "छापून आलं? दाखव बे!"

"विलायतेत छापलं का?"

"वाच, वाच. पुढं काय हाय?"

पुंजाजीचं डोकं हलकं झालं होतं. ज्या कागदात चीन असे, आफ्रिका असे, त्यात जानेफळ. त्याने पुढच्या ओळीवर नजर टाकली, आणि त्याला अमीरबीचं नाव दिसलं.

त्याला वेळ होता. हे तो पुढे आयुष्यभर स्वत:शी म्हणत राहिला. एक अख्खा श्वास घेण्याइतका वेळ होता. तो खोकू शकला असता. कागद घडी करू शकला असता. पावसासाठी प्रार्थना करा, असं काहीही म्हणू शकला असता. अमीरबी वीस पावलांवर बसली होती. एका बाईचा हात हातात घेऊन बांगड्या चढवत होती.

पण सगळं गाव त्याच्या तोंडाकडे पाहत होतं. गावाने त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. त्याने वाचलं.

"या गावी अमीरबी नावाची एक मुसलमान विधवा गुप्तपणे प्रभूचा शोध करीत आहे. आपली कन्या सलीमा हिच्यासह ती लवकरच ख्रिस्ताची उघड कबुली देईल, असा आमच्या तेथील सेवकाचा विश्वास आहे. तिच्या धैर्यासाठी प्रार्थना करा."

कोणी 'आमेन' म्हटलं नाही. माना एकेक करून बांगड्यांच्या पेटीकडे वळल्या.

अमीरबीने वर पाहिलं नाही. तिने त्या बाईची बोटं चेपली, पंजा आवळला आणि उरलेल्या बांगड्या एकेक करून चढवल्या. एकही फुटली नाही. मग तिने पेटी बंद केली, डोक्यावर घेतली आणि बाजार अर्ध्यात टाकून ती निघून गेली.

*

मेहकरच्या व्यापाऱ्यांबरोबर ती गोष्ट त्याच संध्याकाळी मेहकरला पोचली. सोमवारी फकीर मोहम्मदचा निरोप आला. मंगनीची ओढणी परत मागितली होती.

पुंजाजी अमीरबीच्या दारात गेला. ती आत होती. तो पायरीखाली उभा राहिला. किती वेळ उभा होता ते त्यालाच ठाऊक नाही. शेवटी ती बाहेर आली.

"अमीरबी, म्या—"

"तुले दुवा मांगली होती म्या." ती मोठ्याने बोलली नाही. "एवढीशी. अन् तू माहं नाव विकलं?"

"विकलं नाही, अमीरबी. सांगतलं फक्त. सहा महिने माह्याकडं सांगाले काही नोतं. मले लाज वाटत होती."

"तुही लाज झाकाले माहं नाव घेतलं?"

त्याने मान हलवली.

"जिथं जिथं पाठवलं ना," अमीरबी म्हणाली, "तिथून तिथून परत आन. मंग माह्या दारात ये."

तिने दार लावलं.

*

पुढच्या शनिवारी पुंजाजी कडुनिंबाखाली एकटा उभा राहिला. टाळ नाही, भजन नाही. लोक जमले. मागल्या आठवड्यापेक्षा जास्त जमले.

"मागच्या बाजारी जे वाचलं ते खोटं होतं," तो म्हणाला. "अमीरबी कधी तसं बोलली नाही. सलीमाही नाही. मड्डमसाहेबाले म्या खोटं सांगतलं. ते छापून आलं."

 शेषराव म्हणाला, "मंग चीनचा पूर बी खोटाच का बे?"

बाजार हसला. शेषरावच्या मनात वाईट नव्हतं. त्याच्या जिभेला सवयच होती. पण पुंजाजीला ते वाक्य धोंड्यासारखं लागलं. चीनचा पूर खरा असेल. पण त्या पुरातल्या गावात मन वळलेला जो म्हातारा होता, ज्याचं नाव त्याने पंधरा दिवस घोकलं होतं? तिथेही कोणी सतरंजीवर उठून उभा राहिला असेल. तिथेही वहीचं पान उलटत असेल. वीस वर्षं तो किती जणांची नावं घेत आला होता. त्यातल्या किती जणींनी नुसतं पाणी मागितलं असेल?

दुसऱ्या दिवशी तो पायी मेहकरला गेला. फकीर मोहम्मद दुकानात होता. त्याने पुंजाजीला बसायला सांगितलं, चहा मागवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं खरं आहे, मी मानतो," तो म्हणाला. "अमीरबीला मी पंधरा वर्षं ओळखतो. पण पुंजाजी, जमातीत मी कोणाकोणाला समजावू? ते छापलेला कागद दाखवतात. मी काय दाखवू? तुमचं तोंड?"

"मी येतो ना. जमातीपुढं सांगतो."

"अन्वरचं काल चिखलीला ठरलं," फकीर मोहम्मद म्हणाला. "चहा घ्या. गार होईल."

पुंजाजीने चहा घेतला.

तिथून तो बंगल्यावर गेला. मड्डमसाहेबांपुढे उभा राहिला आणि सगळं सांगितलं. पहिला 'हो', दुसरा 'हो', बाजार, ओढणी.

"का सांगितलंस, पुंजाजी?"

"माझ्याकडे सांगायला काही नव्हतं, मड्डमसाहेब."

मड्डमसाहेबांनी टेबलावरची वही मिटली. मग म्हणाल्या, "माझ्याकडेही नव्हतं. त्या महिन्यात मला घरी, विलायतेच्या मिशनला, काहीतरी लिहायचं होतं. तू सांगितलंस त्याहून मी जास्त लिहिलं. धैर्याचं मी घातलं." त्यांचा चेहरा लाल झाला होता. "ते पत्र छापलं जाऊन इथेच परत येईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आम्ही तुमच्याबद्दल लिहितो ते तुम्हाला कळत नसेल असंच मी धरलं होतं."

"किती लोक वाचतात ते?"

"अकरा हजार."

अकरा हजार म्हणजे किती हे त्याला डोळ्यांपुढे आणता येईना. शेगावच्या स्टेशनावर आगगाडीतून उतरलेली गर्दी त्याने एकदा पाहिली होती. तेवढीच त्याला माहीत. तो एवढंच समजला, की या घटकेला कुठेतरी चांगली माणसं, मनापासून, हात जोडून अमीरबीचं नाव घेत आहेत आणि देवाला खोटं सांगत आहेत. ते खोटं त्यांचं नव्हतं. त्यांच्या तोंडात ते त्याने घातलं होतं.

"दुरुस्ती पाठवते," मड्डमसाहेब म्हणाल्या. "छापून यायला पाच-सहा महिने लागतील."

दुरुस्ती आली ती एका ओळीची. 'जानेफळसंबंधी मागील माहिती अपुरी होती.' पुंजाजीने ती वाचली आणि पत्रक खाली ठेवलं. त्या संध्याकाळी ओसरीवर जमलेल्यांना त्याने सांगितलं, आज तुमचं तुम्ही मागा. तो बोलला नाही. पुढेही पुष्कळ दिवस बोलला नाही. तो डोळे मिटून बसे. एखादं नाव ओठांवर आलं की त्याला विचारावंसं वाटे: तुला विचारलं होतं का कोणी?

*

श्रावणात मड्डमसाहेबांनी त्याला बोलावून घेतलं. त्यांच्या हातात एक पत्र होतं. स्कॉटलंड नावाच्या मुलखातल्या एका म्हातारीचं. त्यांनी ते मराठीत सांगितलं. म्हातारीचे गुडघे गेले आहेत, तिला गुडघे टेकता येत नाहीत. ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून रोज सकाळी अमीरबीसाठी प्रार्थना करते. तिची स्वत:ची लेक वारली आहे, म्हणून ती सलीमाचंही नाव घेते. अमीरबीने उघड कबुली दिली का, हे तिला कळवाल का?



"मी लिहिते काहीतरी," मड्डमसाहेब म्हणाल्या.

"नाही. मी सांगतो, तुम्ही इंग्रजी करा."

त्यांनी कागद घेतला.

"लिहा, अमीरबीने असं कधीच काही मागितलं नव्हतं. मुलीच्या लग्नासाठी दुवा मागितली होती. ते लग्न या छापलेल्या कागदाने मोडलं. मी, पुंजाजी, मिशनचा सेवक, खोटं बोललो."

मड्डमसाहेबांची लेखणी थांबली. "माहिती चुकीची होती, असं लिहिलं तर चालेल? ती म्हातारी बाई आहे, पुंजाजी. तिला धक्का बसेल. आणि तिने हे पुढे कोणाला सांगितलं, तर मिशन तुला ठेवणार नाही."

"खोटं, असंच लिहा. आणि लिहा, अमीरबीचं नाव आता घेऊ नका. नाव घ्यायचंच असलं तर माझं घ्या."

त्यांनी लिहिलं. खाली त्यांनी आपलीही एक ओळ घातली आणि त्याला वाचून दाखवली: 'त्याने सांगितलं त्याहून जास्त मी लिहिलं.' मग सही केली.

त्या संध्याकाळी पाऊस उघडला होता. पुंजाजी घरी न जाता अमीरबीच्या दारात गेला. सलीमा ओट्यावर तांदूळ निवडत होती. त्याला पाहून ती उठली नाही आणि आतही गेली नाही. निवडत राहिली. अमीरबी दाराशी आली.

"काय आनलं?"

त्याने पत्राचं सांगितलं. म्हातारीचं, गुडघ्यांचं, खुर्चीचं. तिला काय लिहिलं ते सांगितलं. अमीरबीने सगळं ऐकलं. म्हातारीची लेक गेली हे ऐकून ती हळूच 'या अल्ला' म्हणाली, पण ते पुंजाजीसाठी नव्हतं.

"एका बाईकडून परत आलं मंग," ती म्हणाली.

"हाव."

"अन् बाकीचे किती?"

पुंजाजीला आकडा ठाऊक होता. "अकरा हजार," तो म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि तो आपल्या चिखलाच्या पायांकडे पाहत तिथेच पायरीखाली उभा राहिला.